कानबाईच्या वस्त्रावर आठ ओंब्या

आमच्या धंद्यात सण दोन-तीन महिने आधी येतात. बाहेर आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके बांधलेले असतात, बाया गाणी म्हणत असतात आणि मी पंख्याखाली घाम पुसत राख्या भरत असते. श्रावण लागतो तेव्हा माझ्या मशीनवर दिवाळीच्या पणत्या चाललेल्या असतात. आणि खुद्द दिवाळीत मी काय भरते? संक्रांतीचे पतंग. "आई, तू एकही सण त्याच्या दिवशी केला नाहीस," असं माझी मोठी मुलगी म्हणते. खरं आहे तिचं. पण तिची आणि तिच्या बहिणीची शिक्षणं याच पतंगांवर झाली, हेही मी तिला तिथल्या तिथे ऐकवते. ऐकून घेणाऱ्यातली मी नाही.

जळगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक कपाट आणि एका सुईचं कॉम्प्युटर भरतकाम मशीन. पाटीवर माझं नाव आहे, पण ते कोणी वाचत नाही. सगळ्यांना मी 'मशीनवाल्या अक्का'. आधी वीस वर्षं ब्लाउज शिवले, झिगझॅग मशीनवर पाय चालवून साड्यांना बुट्टे काढले. गुडघे बोलायला लागले तेव्हा हे मशीन घेतलं. त्यालाही आता बारा वर्षं होतील.

"मशीनच तर करतं सगळं, तुम्ही काय करता?" असं विचारणारं गिऱ्हाईक आठवड्याला एक तरी येतं. पूर्वी मी भांडायची. आता त्यांना खुर्ची देते आणि म्हणते, बसा, बघा. डिझाइन पेनड्राइव्हमधून मशीनमध्ये जातं, इथपर्यंत खरं. पण कापड रिंगमध्ये ताणायचं मला. सैल राहिलं तर चुण्या पडतात, जास्त ताणलं तर रिंग सोडल्यावर फूल आकसतं. खाली कुठल्या जाडीचा कागद लावायचा ते कापड बघून ठरवायचं मला. एका सुईचं मशीन, त्यामुळे एक रंग झाला की ते थांबतं आणि लहान पोरासारखं टीं-टीं करतं. त्याला फक्त 'रंग एक, रंग दोन' एवढं कळतं. दोन नंबरला हिरवा लावायचा की काळा, हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याला काही पडलेलंही नसतं. शेजारची शोभा माझ्याकडे कामाला येते. ती सुटे धागे कापते, मागचा कागद फाडते, इस्त्री करते आणि मशीनपेक्षा जास्त बोलते. मग त्या भरलेल्या तुकड्याचं तोरण, पिशवी, वस्त्र, जे काय करायचं ते आम्ही दोघी हातानं शिवतो.

या कामाला एकच जाच आहे, तो म्हणजे तारीख. लग्नाचा ब्लाउज दोन दिवस उशिरा झाला तर शिव्या खाऊन सुटका होते. पोळ्याचं तोरण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुत्रंही विचारत नाही. एका वर्षी लोभ सुटला आणि बैलजोडीचे साठ तुकडे भरून ठेवले. त्यातले बावीस उरले. वाया कसे घालवायचे? उशांचे अभ्रे शिवले. आमचे हे वर्षभर बैलांवर डोकं ठेवून झोपले. एकदाही तक्रार केली नाही, पण पोळ्याला पुरणपोळी वाढली तेव्हा म्हणाले, "आधी उशीला दाखव नैवेद्य."

सणांची डिझाइनं मी काही स्वतः काढत नाही, आधीच सांगून टाकते. इंटरनेटवर तयार मिळतात. एका पुडक्यात वीस-पंचवीस, ऋतूप्रमाणे. पण ते ऋतू आपले नसतात. बर्फ असतो, हरणं असतात, गळणारी लाल पानं असतात. आपल्या जळगावच्या उन्हात बर्फाचा रुमाल कोण घेणार? म्हणून पुडकं उघडून त्यात आपलं काही सापडतं का ते हुडकावं लागतं. असंच एकदा सुगीच्या डिझाइनांचं पुडकं घेतलं आणि त्यात मला चक्क गंगाफळ सापडलं. लाल भोपळा हो. आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याला गंगाफळाची भाजी लागते म्हणजे लागतेच.

बाहेरच्या वाचकांसाठी कानबाईचं थोडं सांगते. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत जाते. कुठंही गेलेली असोत, भावकीतली माणसं त्या दिवशी गावी येतात. रोट करतात, म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचा खास नैवेद्य, आणि तो घरच्यांनीच खायचा. रोटाचे गहू मोजून घेतात. मापानं नाही, मुठीनं. घरातल्या एकेकाच्या नावानं एकेक मूठ.

तर मी म्हटलं, चौरंगावर अंथरायला लाल सॅटिनचं वस्त्र करावं आणि चार कोपऱ्यांत चार गंगाफळं भरावीत. मशीनला लावलं. नारिंगी झालं, हिरवा देठ झाला, मशीन टीं-टीं करून थांबलं. पुडक्याबरोबरच्या यादीत तिसरा रंग काळा लिहिलेला होता. मला वाटलं, बाहेरची कड असेल. काळा लावला आणि चहा टाकायला आत गेले. आतून ऐकलं तर शोभा ओरडतेय, "अक्काऽऽ, धावा! याला दात आले!"

बाहेर येऊन बघते तर काय, गंगाफळाला दोन तिरके डोळे आणि करवतीसारखे दात. परदेशात भुताखेतांचा कुठलासा सण असतो, त्यातलं ते फळ. कर्म माझं! कानबाईच्या पुढ्यात दात विचकणारा भोपळा! आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. ते वस्त्र अजून माझ्या कपाटात आहे. कोणी फार शहाणपणा करायला लागलं की मी ते काढून दाखवते.

पण त्याच पुडक्यात गव्हाची ओंबी होती. एकच ओंबी, सोनेरी, पाच-सात मिनिटांत भरून होणारी. पुढच्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की रोटाच्या मुठी मोजतात तर वस्त्रावर ओंब्याही तेवढ्याच भराव्यात. जेवढ्या मुठी तेवढ्या ओंब्या, प्रत्येक घराचं वस्त्र वेगळं. काय चाललं म्हणून सांगू! पहिल्याच वर्षी हात पुरेनात. पाचोऱ्याहून, जामनेरहून, थेट धुळ्याहून फोन. मी वहीत तीन रकाने आखले. नाव, गाव आणि माणसं. फोनवर विचारायची, "घरात माणसं किती?" समोरून आकडा यायचा, तेवढ्या ओंब्या.

इथं एक कबुली देते. माझ्या भिंतीवर सणांचा एक मोठा कागद लावलेला असतो, कुठल्या महिन्यात कुठला सण त्याचा. एकदा शाळेतल्या भालेराव मॅडम ब्लाउज न्यायला आल्या होत्या. त्या कागदापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अक्का, तुमच्या एप्रिलमध्ये नुसती आखाजी? चौदा तारीख नाही?" आमच्या गल्लीच्या टोकापासून निळे झेंडे लागतात, जयंतीची मिरवणूक माझ्या दारावरून जाते, दहा वर्षं मी ती ओट्यावरून बघते, आणि माझ्या कागदावर तो दिवस नव्हता. कोणी मला लिहू नको म्हटलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं, आणि हे जास्त वाईट. त्या वर्षीपासून मी पांढऱ्या साडीच्या निळ्या काठावर पिंपळपान भरते. मॅडमनी पहिली साडी घेतली आणि पुढच्या वर्षी अकरा जणी घेऊन आल्या. तरी मोजताना कोण सुटतं, हा धडा मी तेवढ्यावर पुरता शिकले नाही, हे आता सांगायचं आहे.

ओंब्यांच्या वस्त्राचं ते तिसरं वर्ष. पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातून एका बाईचा फोन आला. नाव रेखा. आवाज हळू, पण स्पष्ट. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "माणसं किती?" पलीकडून पुटपुटत मोजल्यासारखा आवाज आला. मग ती म्हणाली, "आठ." मी लिहिलं आठ.

गुरुवारी ती वस्त्र न्यायला स्वतः आली. बरोबर तिची सात-आठ वर्षांची मुलगी, पूर्वा. मी वस्त्र टेबलावर पसरलं. आठ ओंब्यांची कमान मधोमध छान बसली होती. रेखानं एकेका ओंबीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सगळ्या सारख्याच आहेत ना?" मी म्हटलं, "मशीनचं काम आहे बाई, टाक्याला टाका सारखा." ती हसली. मग पूर्वाला शोभानं बिस्किटं दिली आणि ही माझ्याजवळ बसून बोलायला लागली. का कुणास ठाऊक, बाया माझ्याकडे येऊन बोलतात. मशीनच्या आवाजात दुसऱ्याला ऐकू जात नाही म्हणून असेल.

तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. घरात सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात. सासू, धाकटा दीर, जाऊ, त्यांचे दोन मुलगे आणि या दोघी मायलेकी. पहिल्या वर्षी नवरा गेला म्हणून कानबाई बसली नाही, दुसऱ्या वर्षी भाऊबंदांत कोणी गेलं म्हणून नाही. आता तिसऱ्या वर्षी बसणार होती.

"दीर म्हणतात, कानबाई झाली की माहेरी जा," ती म्हणाली. "वाईट बोलत नाहीत. म्हणतात, पोरीचं शिक्षण तिकडं नीट होईल. पण माहेरी आता वहिनीचं घर आहे, अक्का. आणि हिचे वडील याच घरात होते. मला इथंच राहायचंय."

"आबा काय म्हणतात?"

"आबा काहीच म्हणत नाहीत. ते एकदा 'ऱ्हाय' म्हणाले, तर कोणाची टाप नाही मला हलवायची. पण ते बोलत नाहीत."

मी म्हटलं, "ठाम राहा बाई." फुकटचा सल्ला द्यायला काय जातं? ती वस्त्र घेऊन गेली आणि मी पणत्यांकडे वळले.

शनिवारी दुपारी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. पांढरं धोतर, टोपी, काखेत पिशवी. पाचोऱ्याहून गाडीनं आले होते, घामाघूम झाले होते. शोभानं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. पिशवीतून वस्त्र काढून माझ्या टेबलावर टाकलं आणि अहिराणीत विचारलं,

"हाई काय शे?"

मी म्हटलं, "कानबाईचं वस्त्र आहे. काय झालं आबा?" आबा हे मी अंदाजानंच म्हटलं, आणि ते बरोबर निघालं.

"आमन्या मुठी चार शेतस. या आठ ओंब्या कोन्या? उद्या कानबाई बसनार शे. भाऊबंद येतीन, बठ्ठा मोजतीन."

आता माझा स्वभाव सांगते. कामात चूक काढलेली मला खपत नाही. डोक्यात तिडीक गेली. वही काढली, त्यांच्यापुढे आपटली आणि बोट ठेवलं. "तुमच्या सूनबाईंनीच आठ सांगितलेत. हे बघा, लिहिलंय. माझी चूक नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "तिनी सांगं? तिले मोजता येस का नही?"

आणि त्या क्षणी मला माझीच जीभ चावावीशी वाटली. अगं बाई, काय केलंस हे? स्वतःचं नाक राखायला त्या पोरीला पुढं ढकललंस? जिची अख्खी आशा या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर टांगलेली, तिचंच नाव तू त्याच्यापुढं आपटलंस? मला भयंकर लाज वाटली. मी सावरायला गेले.

"आबा, तिचं नाही चुकलं. मी विचारलं होतं, घरात माणसं किती."

"मंग? माणसं चारच शेतस!"

"आणि बाकीच्या चार?"

"त्या बाया शेतस," आबा म्हणाले. इतकं साधं कसं कळत नाही, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी धुळ्याची. अहिराणी ऐकत वाढलेली. माझी आई वडिलांबद्दल बोलताना 'मना माणूस' म्हणायची. आमच्या बोलीत माणूस म्हणजे पुरुष, बाई ती बाई, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण गिऱ्हाइकाशी बोलताना आम्ही शहरी मराठी बोलतो ना! शुद्ध! त्या शुद्धपणात मी तीन वर्षं 'माणसं किती' विचारत राहिले, आणि लोक आपल्या बोलीतलं उत्तर देत राहिले. मी वहीची मागची पानं उलटली. जामनेरच्या एका घराला मी पाच ओंब्या दिल्या होत्या. त्या घरातल्या सात जणींचे ब्लाउज मी स्वतः शिवलेले होते. सात बाया आणि पाच माणसं, आणि मला तीन वर्षांत एकदाही संशय आला नाही.

"काढी टाका या चार," आबा म्हणाले. आता आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "संध्याकाळनी गाडी शे मनी."

काय करणार? गिऱ्हाइकाचं कापड. मी त्यांना खुर्ची दिली, शोभाला चहा टाकायला सांगितलं आणि वस्त्र उलटं केलं. भरतकाम उसवायचं ते मागून. बारीक पात्यानं खालचा दोरा कापायचा, मग पुढून चिमट्यानं वरचे टाके ओढायचे. एका ओंबीला तासभर लागतो आणि डोळे जातात ते वेगळंच. पातं हातात घेतलं आणि मग मला प्रश्न पडला. हा प्रश्न मी मुद्दाम विचारला असं शोभा सगळ्यांना सांगते, पण तसं नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

"आबा, कुठल्या चार काढू?"

"म्हंजे?"

"ओंब्या सगळ्या एकसारख्या आहेत. यातल्या ठेवायच्या कुठल्या आणि काढायच्या कुठल्या, ते तुम्ही दाखवा."

त्यांनी चष्मा लावला. वस्त्र सुलटं करून जवळ ओढलं, वाकून बघितलं. "बठ्ठ्या सारख्याच शेतस," स्वतःशीच म्हणाले. मग शेतकऱ्याचं ते जाड बोट त्यांनी पहिल्या ओंबीवर ठेवलं.

"हाई मनी."

मी खडूनं बारीक खूण केली.

"हाई मोठानी. हाई धाकलानी. ह्या दोन नातूसन्या."

मी खुणा केल्या. पाच झाल्या. मी काही बोलणार नव्हते, देवाशप्पथ. पण जीभ माझी ऐकते कुठं?

"आबा, तुम्ही चार म्हणाला होतात."

त्यांचं बोट परत दुसऱ्या ओंबीपाशी गेलं. मोठा म्हणजे रेखाचा नवरा. आयुष्यभर त्या क्रमानं मुठी मोजलेल्या, ओठावर तोच क्रम आला. आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. चहा आला होता, तो तसाच निवत राहिला.

तिथं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. "गेलेल्याची ओंबी ठेवायची म्हणता," मी म्हटलं, "ठेवा, बापाचं काळीज आहे. पण त्याची लेक जिवंत आहे आबा. तिनं परवा इथं बसून बिस्किटं खाल्ली. तिची कुठली ते सांगा, म्हणजे तीच आधी काढते."

बोलून गेले आणि घाबरले. परक्या घरातला म्हातारा माणूस, वयानं बापासारखा, आणि मी काय हे बोलले! माझे डोळे भरून आले. मी पातं खाली ठेवलं आणि कामाचं बोलायला लागले, कारण दुसरं काही सुचेना. म्हटलं, "उसवून देते, पण एक सांगून ठेवते. सॅटिन आहे. टाके निघतील, सुईची भोकं राहतील. चार ओंब्या होत्या हे दिसणारच."

"भोकं बुजतस नही का?"

"नाही हो. या कापडात नाही बुजत."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग त्यांनी गार झालेला चहा एका दमात प्यायला, वस्त्राची घडी घातली. नीट घातली, काठाला काठ लावून.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

मी विचारलं, "काय राहू द्या आबा?" त्यांनी पाचोऱ्याची गाडी किती वाजता आहे, एवढं विचारलं आणि पिशवी काखेत घालून गेले. माझ्या खडूच्या पाच खुणा वस्त्रावर तशाच राहिल्या.

रविवारी मी धुळ्याला होते. आमची कानबाई मोठ्या जावेकडे बसते. सकाळी घरचे पुरुष मुठी मोजायला बसले. दीर, त्यांचे मुलगे, आमचे हे, पुतण्यांची मुलं. एकेक नाव, एकेक मूठ. पस्तीस वर्षं मी तिथं उभी राहून सूप धरते आहे. माझ्या दोन मुली दरवर्षी माझ्याबरोबर तिथं येत मोठ्या झाल्या, लग्न होऊन गेल्या, त्यांच्या नावाची मूठ कधी पडली नाही. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा दिसलं. काही घराण्यांत सगळ्यांच्या मुठी घेतात, असं मी ऐकलेलं होतं. दुसऱ्याच्या सासऱ्याला सुनावून आले होते मी, पण स्वतःच्या घरात तोंडातून चकार शब्द निघाला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्याची बोचणी अजून आहे. यंदा बोलेन म्हणते. हे छापून येईल तेव्हा जावेला कळेलच, म्हणजे बोलावं लागेलच.

तिकडे पाचोऱ्याला काय झालं असेल, या काळजीनं मला रोट गोड लागला नाही. आबांनी घरी जाऊन सुनेला फाडून खाल्लं असेल तर? माझ्या वहीनं त्या पोरीचं घर सुटलं तर? मंगळवारी जळगावला परतले. पणत्यांचं काम पडून होतं. दोनदा सुई मोडली, एकदा पिवळ्याच्या जागी पांढरा लावला. शोभा म्हणाली, "अक्का, फोन करा की." माझी हिंमत झाली नाही.

बुधवारी तिचाच फोन आला.

"अक्का, रेखा बोलतेय." मला तिच्या आवाजावरून काही कळेना. मी आधी माफी मागितली. वही दाखवली, तुझं नाव घेतलं, चुकले, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मला माहीत आहे. आबांनी सांगितलं," ती म्हणाली. "अक्का, तुम्ही 'मुठी किती' असं विचारलं असतं ना, तर मी चारच सांगितल्या असत्या. माझी कुठली हिंमत? पण तुम्ही माणसं विचारली. आमच्या घरी काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. तरी मी एकदा सगळी मोजली. वस्त्र कोणी मोजून बघेल असं वाटलं नव्हतं."

"मग? पुढं काय झालं ते सांग ना बाई!"

तिनं सांगितलं. शनिवारी आबा परत आले ते कोणाशी बोलले नाहीत. रविवारी सकाळी ओसरीवर गव्हाचं पोतं आणि सूप ठेवलं. भाऊबंद जमलेले. नेहमी मुठी आबाच घालतात. त्यांनी स्वतःची घातली, धाकट्याची घातली, नातवांच्या घातल्या. दिरानं सूप उचलायला हात लावला. आबा म्हणाले, थांब. मग त्यांनी सासूबाईंना हाक मारली, जावेला हाक मारली. शेवटी रेखाला. पदर सावरत तिनं मूठ घातली. चुलत सासरे म्हणाले, ही कुठली रीत? आबांनी वस्त्राकडे बोट केलं आणि म्हणाले, मोजा.

"आणि पूर्वा?" मी विचारलं.

"पूर्वाला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मूठ म्हणजे काय, तिला काय माहीत? तिनं दोन्ही हात घातले पोत्यात. ओंजळभर काढले. दीर म्हणाले, अगं, एका हातानं. ती बिचारी तशीच ओंजळ धरून उभी. आबांकडे बघायला लागली."

मी मशीन बंद केलं.

"मग आबा म्हणाले, 'घालू दे तिले. इतला सालन्या मांगल्या मुठी ऱ्हायेल शेतस तिन्या.'"